फुलं काकूंची, चेहरे काकांचे

लिफ्टकाकांच्या घरातलं जेवणाचं टेबल गेले कित्येक दिवस जेवणाच्या कामाचं राहिलं नव्हतं. त्यावर कागदांचा संसार मांडला होता. जाड कागद, पातळ कागद, खरखरीत कागद, चकाकणारा कागद, रिबिनी, बटणं, आणि कात्र्या तरी किती! एक सरळ कापणारी, एक नागमोडी कापणारी, एक दातेरी. काका-काकू ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायला बसायचे आणि काकांच्या भाजीत हमखास काहीतरी चमकायचं.

"काल एक चांदणी गिळली मी," काका म्हणायचे.

"कागदाचीच आहे, पचेल," काकू वर न बघता म्हणायच्या.

काकू शाळेत हस्तकला शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी हात स्वस्थ बसेनात. काका आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले, त्यामुळे सगळी इमारत त्यांना लिफ्टकाका म्हणायची. काकूंना स्वतःचं एखादं नाव असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या आपोआप लिफ्टकाकू झाल्या. आयुष्यात एकदाही बटण सोडून लिफ्टच्या दुसऱ्या कशाला हात न लावलेल्या बाईला हे नाव मिळावं, हा अन्याय आहे, पण तो असो.

तर हा पसारा होता लेकीसाठी. लेक, जावई आणि दीड वर्षांची नात समुद्रापलीकडच्या देशात राहायला चालले होते. ‘कायमचे’ हा शब्द कुणाच्या तोंडून निघत नव्हता, म्हणून सगळे ‘सध्या तरी’ म्हणत होते. रविवारी ते निरोप घ्यायला येणार होते, आणि जाताना त्यांच्याबरोबर एक भलीमोठी स्क्रॅपबुकाची वही जाणार होती. लेकीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो, त्यांच्याभोवती काकूंची कारागिरी: उघडणाऱ्या कागदी खिडक्या, पान उलटलं की उभी राहणारी झोपाळ्याची कमान, शाळेच्या पहिल्या गणवेशाचं खरं बटण.

काकांना टेबलापाशी यायची परवानगी होती, पण हात मागे बांधून. एकदाच त्यांना पट्टी धरायला सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी टेबल पातळीत नाही असं जाहीर करून एका पायाखाली पुठ्ठा सरकवला होता. तो पुठ्ठा म्हणजे वहीचं मागचं कव्हर निघालं. तेव्हापासून हात मागे.

पण तोंड मोकळं होतं. काकांचा खरा राग होता तो फुलांवर. वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर काकूंनी एक फूल चिकटवलं होतं. बाकीचं काम नाव ठेवायला जागा नाही असं, आणि ही फुलं मात्र अगदीच कशीतरी. फिकट गुलाबी, धुरकट, पाकळ्यांना ना रेघ ना शीर.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"फूल."

"मला वाटलं गोवर."

"तुम्हाला नाही कळायचं."

"आणि फोटोंचे कोपरे का कुरतडलेस? उजवीकडचा खालचा कोपरा सगळ्यांचा गोल. उंदरानं खाल्ल्यासारखा."

काकू गालातल्या गालात हसल्या. "रविवारी सांगेन. सगळ्यांसमोर."

काकांनी खांदे उडवले आणि ते नातीला व्हिडिओ कॉल लावायला गेले. हा रोजचा कार्यक्रम होता. फोन धरायची काकांची पद्धत खास त्यांची होती. चार बोटं मागे, अंगठा पुढे, आणि पकड अशी की फोन नाही, लिफ्टचा दोर धरलाय. त्यामुळे अंगठा नेमका कॅमेऱ्यावर यायचा. पलीकडे पडद्यावर आधी एक गुलाबी ढग दिसायचा, मग ढगातून आवाज यायचा, "काय गं ठमाकाकू!" लेक ओरडायची, "बाबा, अंगठा!" मग ढग जरा सरकायचा आणि काकांचं कपाळ दिसायचं. त्याखालचं काही दिसेपर्यंत नात खेळायला पळालेली असायची.

शुक्रवारी दुपारी काकू रिबीन आणायला बाहेर पडल्या. वही टेबलावर बंद करून ठेवलेली होती. "हात लावायचा नाही," असं त्या दारातून म्हणाल्या, परत येऊन पुन्हा म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार बंद होता होता तिसऱ्यांदा म्हणाल्या. एवढं सांगितल्यावर हात लावणं भागच होतं.

काकांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. दवाखान्यात काकू, कुशीत गाठोड्याएवढी लेक. पुढचं पान: समुद्रकिनारा, काकू आणि लेक. पुढे झोपाळा, लेक. वाढदिवसाचा केक, लेक, काकू आणि शेजारपाजारची अर्धा डझन पोरं. शाळेच्या नाटकात लेक झाड झाली होती ते पान. काका आधी हसत होते. मग हसू जरा कमी झालं. मग ते मागे गेले, पुन्हा पहिल्यापासून पानं उलटत आले, या वेळी बोट फिरवत, एकेक चेहरा तपासत.

जावई होता. शेजारची मांजर होती, तीही दोनदा. जुना फ्रीज होता. काका कुठेच नव्हते.

यात कुणाचा दोष नव्हता, हे काकांनाही कळत होतं. घरात कॅमेरा एकच, आणि तो काकांच्या गळ्यात. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत; ‘वाकडा धराल’ म्हणत. सगळ्यांना उभं करायचं, मागे मागे जायचं, एकदा तर थेट कारंज्यात पडायचं, आणि बटण दाबायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं होतं, की त्यातून त्यांचा स्वतःचाच पत्ता कटला होता.

काका खुर्चीत बसले. नात तिकडे मोठी होणार. व्हिडिओवर कपाळ आणि ढग. कधीतरी ही वही उघडून लेक तिला दाखवणार: ही आजी, ही मी, ही मांजर. पोर विचारणार, आबा कुठेत? लेक म्हणणार, आबा फोटो काढत होते. दीड वर्षांच्या पोराला फोटो काढणारा माणूस कुठे ठाऊक असतो? जे दिसतं ते असतं, दिसत नाही ते नसतं. काकांच्या छातीत काहीतरी दोन मजल्यांच्या मधोमध अडकलं.

पण अडकलेल्या गोष्टी सोडवणं हा तर त्यांचा धंदा. ते ताडकन उठले आणि कपाटातून एक पाकीट काढलं. पेन्शनच्या कामासाठी त्यांनी पासपोर्ट आकाराचा फोटो काढला होता. हवा होता एक, फोटोवाल्यानं दिला गठ्ठा. सगळ्या फोटोंत तेच काका: टाय, ताणलेली मान, बाहेर आलेले कान आणि नुकतीच कुणीतरी वाईट बातमी सांगितल्यासारखा चेहरा.

आता प्रश्न जागेचा. काकूंनी एवढीशीही जागा रिकामी सोडली नव्हती. खिडक्यांना धक्का लावला तर काकू घराबाहेर काढतील. झोपाळ्याला हात लावायची हिंमत नव्हती. मग काकांची नजर त्या फुलांवर गेली.

‘गोवर,’ काका स्वतःशीच म्हणाले, आणि हत्यारांची पेटी काढली.

काम मात्र देखणं केलं. काकूंचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन गोंद गरम केला, पातळ पातं सरकवलं आणि एकेक फूल सुटं केलं. पानाला ओरखडा नाही. फुलांच्या पाकळ्या सुट्या होऊन आल्या, त्या बशीत जमवल्या आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत, सकाळच्या चहाच्या चोथ्यावर, ओतल्या. मग चेहरे कापून काढले. काकूंचा गोंद त्यांना पाणचट वाटला, म्हणून लिफ्टच्या दाराचं रबर बसवायचा आपला चिकटा आणला. त्या चिकट्यानं बसवलेलं रबर इमारत पडली तरी पडत नाही, असं ते अभिमानानं सांगत.

काम संपलं तेव्हा दवाखान्यात, नवजात लेकीच्या पायाशी, टायमध्ये काका होते. समुद्रावर काका होते, जहाजाएवढे. झोपाळ्याच्या वर सूर्यासारखे काका उगवले होते. वाढदिवसाच्या केकशेजारी दुसऱ्या केकसारखे काका होते. आणि कव्हरवर, जिथे सगळ्यांत मोठं फूल होतं, तिथे मधोमध काका. कचऱ्याची पिशवी त्यांनी तत्परतेनं खाली नेऊन इमारतीच्या मोठ्या डब्यात टाकली. एरवी हे काम सांगावं लागे.

काकू आल्या. टेबलावरच्या वहीचं कव्हर बघून त्यांच्या हातातली रिबीन सुटली आणि गडगडत सोफ्याखाली गेली. त्यांनी पान उलटलं. मग दुसरं. समुद्रावरचे काका बघून त्यांच्या नाकातून एक आवाज आला. केकपाशी त्या खाली बसल्या. झाडाच्या वेषातल्या लेकीच्या फांदीवर टाय घातलेलं डोकं लटकताना बघितल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला. पदर तोंडावर धरून त्या हसायला लागल्या, थेट डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो, हे काय! सगळीकडे तोच चेहरा! बाळ झालं तेव्हाही तेच तोंड, केक कापला तेव्हाही तेच!"

"हसायला काय झालं?" काका घुश्शात म्हणाले. "एका तरी पानावर होतो का मी? सांग. मांजर दोनदा आहे."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी काकांकडे नीट बघितलं. मग वहीकडे. "आणि माझी फुलं?"

"काढली."

"काढून कुठे ठेवलीत?"

"ठेवायची कशाला? फेकली."

काकूंनी वही मिटली.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "ती फुलं कशाची होती माहीत आहे?"

"कागदाची."

"तुमच्या अंगठ्याची."

काकांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. तो जागेवर होता.

"प्रत्येक फोटोत तुमचा अंगठा यायचा," काकू म्हणाल्या. "कधी चुकला नाही. उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात, गुलाबी. तुम्ही कॅमेरा धरता तरी कसा! एवढी वर्षं मी काही बोलले नाही, बोलले असते तर कॅमेरा फेकला असतात. तेच कोपरे कापून घेतले मी. एकेका कोपऱ्याची एकेक पाकळी. म्हटलं, चेहरा नाही तर नाही, माणूस तर आहे. प्रत्येक पानावर होतात हो तुम्ही. तुम्हीच स्वतःला उपटून काढलंत."

काका दाराकडे वळले. मग चप्पलही न घालता धावले. आयुष्यभर लिफ्ट सांभाळलेला हा माणूस लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली गेला, यावरून काय ते समजावं.

कचऱ्याची गाडी अजून यायची होती, हे नशीब. मोठ्या डब्यात काका कमरेपर्यंत वाकलेले असताना पहिल्या मजल्यावरचे वकील फिरायला निघाले. डब्यातून वर आलेले दोन अनवाणी पाय त्यांनी ओळखले.

"लिफ्टकाका? काही हरवलंय का?"

"अंगठा!" डब्यातून उत्तर आलं.

वकील पांढरेफटक पडले. काका पिशवी घेऊन वर आले तेव्हा वकिलांनी आधी त्यांचा उजवा हात धरला, मग डावा, दोन्ही अंगठे मोजले, आणि फिरायला न जाता घरी परत गेले.

मग सगळी संध्याकाळ त्या दोघांनी चहाच्या चोथ्यातून पाकळ्या वेचल्या. काकू ओल्या कापसानं एकेक पुसायच्या, काका ड्रायर धरायचे, आणि काकू न अडखळता सांगायच्या, जशी काही आपली शाळेतली मुलंच ओळखतायत.

"ही समुद्रावरची, कडेला वाळू दिसतेय. ही पांढरी, तेव्हा तुमच्या अंगठ्याला बँडेज होतं; लिफ्टच्या दारात सापडला होता. ही काळपट, कामावरून तसेच आला होतात ग्रीसचे हात घेऊन, पोरीचं नाटक चुकू नये म्हणून. आठवतंय?"

काकांना आठवत होतं. त्यांना वाटत होतं ते सगळं आपण एकट्यानंच बघितलं आहे. कॅमेऱ्याच्या मागे असताना आपल्याकडेही कुणी बघत होतं, हे त्यांना आज कळलं, आणि त्यांना फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. पाकळ्यांना डाग पडले होते, काही जास्तच तपकिरी झाल्या होत्या, पण मिळाल्या. फक्त एक सापडेना.

"दवाखान्यातली," काकू म्हणाल्या. "सगळ्यांत मोठी. हात असा थरथरत होता तुमचा, की अर्ध्या फोटोत अंगठाच होता. कव्हरच्या फुलात मधली पाकळी तीच."

काकांनी पिशवी पालथी केली, बशी बघितली, टेबलाखाली रांगले. नाहीच. शेवटी ते हात टेकून उठले, आणि काकू किंचाळल्या.

"हलू नका!"

पाकळी काकांच्या बनियनवर होती, पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. खुर्चीच्या पाठीला त्यांचा तो जगप्रसिद्ध चिकटा सांडला होता, ड्रायरच्या वाऱ्यानं पाकळीही उडून तिथेच बसली होती, आणि काका काम संपवून दमून टेकले तेव्हा दोन्ही त्यांच्याबरोबर उठून आले होते. काकूंनी नखानं सोडवून बघितली. ढिम्म हलेना.

"इमारत पडली तरी पडत नाही," काका बारीक आवाजात म्हणाले.

काकूंनी दातेरी कात्री घेतली. "श्वास धरा," त्या म्हणाल्या, आणि काका आत असतानाच त्यांनी बनियनचा तुकडा पाकळीसकट कापून काढला.

तोच प्रकार चेहऱ्यांचा. एकही चेहरा पानावरून निघायला तयार नव्हता. काकू हात कमरेवर ठेवून बराच वेळ विचार करत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कव्हरवरच्या काकांच्या चेहऱ्याभोवती पहिली पाकळी लावली, दुसरी लावली, आणि वर बनियनच्या अस्तराची ती मोठी. टायमधला तो रडवा चेहरा गुलाबी फुलाच्या मधोमध जाऊन बसला. मग आतल्या पानांवरही तसंच.

"सूर्यफूल," काका म्हणाले.

"गोवर," काकू म्हणाल्या.

रविवारी लेक आली, जावई आला, नात आली. लेकीनं वही उघडली आणि ती आधी इतकी हसली की जावयानं तिला पाणी आणून दिलं. मग काकूंनी पाकळ्या कशाच्या आहेत ते सांगितलं, ठरवलं होतं तसं, सगळ्यांसमोर. लेक हसायची थांबली. ती पहिल्या पानावर परत गेली आणि मग सावकाश एकेक पान उलटत राहिली.

काका नातीकडे बघत होते. ती टेबलाला धरून टाचा उंचावून वही बघत होती. काकांनी तिला मांडीवर घेतलं आणि कव्हरवरच्या आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हे कोण गं? सांग बरं. हे कोण?"

नातीनं त्या टायवाल्या माणसाकडे निरखून बघितलं. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला.

"भूत," ती म्हणाली.

जावई खोकला. काकांचा चेहरा फोटोतल्यासारखा झाला. नातीनं मात्र भुतावरचा काकांचा हात बाजूला ढकलला, आपलं इवलंसं बोट त्या मोठ्या गुलाबी पाकळीवर ठेवलं, आणि तिचं तोंड उजळलं.

"आबा!"

सगळे पुढे वाकले. नातीनं पान उलटलं. "आबा!" पुढच्या पानावर, झोपाळ्याजवळ, "आबा!" समुद्रावरची वाळूवाली, "आबा!" बँडेजवाली पांढरी जरा वेळ बघून, "आबा?" आणि मग ठामपणे, "आबा!" रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर तो गुलाबी ढग यायचा आणि त्यातून कुणीतरी तिला हाक मारायचं. तिचे आबा ते. कपाळ, टाय, कान यांच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

काका उठून खिडकीशी गेले आणि लिफ्टचा आवाज बिघडल्यासारखा येतोय असं काहीतरी म्हणाले. खिडकीतून लिफ्ट दिसत नाही. कुणी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

निघायची वेळ झाली. सगळे दारात उभे राहिले, वही लेकीच्या छातीशी. काकांनी फोन काढला, त्याच दोर धरायच्या पकडीनं, अंगठा कॅमेऱ्याच्या कडेवर, आणि जिन्याकडे मागे मागे जाऊ लागले.

"बाबा," लेक डोळे पुसत म्हणाली, "अंगठा येतोय. सरकवा की."

काकांनी फोनची पकड जरा सैल केली.

"असू द्या," काकू म्हणाल्या. "तसाच धरा."

आणि काकांनी बटण दाबलं.